चित्रांची कार्डं दिली म्हणून वडील भांडतात, काय करू?

मी ऐरोलीतल्या एका शाळेत स्पेशल एज्युकेटर आहे. दुसरीत एक ऑटिझम असलेला मुलगा आहे, एकदोन शब्द बोलतो, बाकी हात धरून ओढतो नाहीतर रडतो. दिवाळीनंतर त्याला चित्रांची कार्डं सुरू केली, पाणी, शू, नको, घरी जायचं अशी. आता तहान लागली की आपणहून कार्ड आणून देतो आणि रडणं खूप कमी झालंय. पण वडिलांना पटतच नाही, 'कार्डं दिली की हा कधी बोलणारच नाही, तुम्ही त्याला मुका करताय' असं गेटवर सगळ्यांसमोर ओरडले, परवा तर दप्तरातून कार्डं काढूनच घेतली. त्यांना बाकीच्या मुलांसारखी वहीत पानं लिहिलेली पाहिजेत. आई गप्प असते. आईला एकटीला बोलावून समजावू का? प्रिन्सिपल म्हणतात वाद नको, बंद करा. पण तेवढंच तर त्याचं बोलणं आहे हो.

विशेष शिक्षिका, ठाणे: गेटवर उत्तर द्यायचंच नाही ताई, 'आत बसून बोलू' म्हणायचं आणि वेळ द्यायची. प्रिन्सिपलना बसवा, ठरेल ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. त्यांना 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा, कलम 17 मध्ये बोलण्याला पूरक अशी संवादाची पर्यायी साधनं वापरायला प्रोत्साहन द्या असं स्पष्ट आहे. पण हे प्रिन्सिपलसाठी, वडिलांसमोर कायदा काढलात तर ते अजून चिडतील.

एक आई, कोपरखैरणे: आईला एकटीला बोलवू नका प्लीज. घरी गेल्यावर 'तू टीचरच्या बाजूने का' हे तिलाच ऐकावं लागतं, मी भोगलंय. आमच्या ह्यांचंही असंच होतं, राग टीचरवर नव्हता, मुलगी कधी बाबा म्हणेल की नाही ही भीती होती, पण तोंडातून भांडणच निघायचं. आमच्या मॅडमनी दोघांना मधल्या सुट्टीत वर्गात मागे बसवलं, तिने कार्ड देऊन खाऊ मागितला ते ह्यांनी स्वतः बघितलं, मग घरी कार्डं लागली. एक कार्ड बाबांच्या फोटोचं पण करा.

स्पीच थेरपिस्ट, वाशी: कार्डांमुळे बोलणं थांबतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, काही मुलांचं उलट थोडं वाढतं. तरी 'बोलेल' असं वचन देऊ नका, नाही बोलला तर विश्वास कायमचा जाईल. कार्ड घेताना दरवेळी तो शब्द मोठ्याने म्हणा, हे वडिलांनाही करून दाखवा. आणि लिहायचं अगदीच उडवून लावू नका, कार्डावरचाच 'पाणी' शब्द गिरवायला द्या, त्यांची मागणी ऐकली गेली असं त्यांना वाटू दे. दुसरं मत हवं असेल तर बांद्र्याला वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, खारघरला एनआयईपीआयडी म्हणजे बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे.

मूळ प्रश्नकर्ती: खूप आधार वाटला. दोघांना एकत्रच बोलावते. वडिलांना सुट्टी नाही मिळाली तर व्हिडिओ दाखवला तर चालेल ना?

विशेष शिक्षिका, ठाणे: चालेल, पण आधी त्यांची परवानगी घ्या, दुसरं मूल दिसता कामा नये, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, समोर बसून दाखवा. ती काढून घेतलेली कार्डं मागत बसू नका, नवीन सेट करून वर्गात ठेवा, उद्याच.