नैसर्गिक वाइनचे कौतुक आणि आमच्या द्राक्षबागा

होटगीकर:
'द्राक्षसखी' यांनी गेल्या आठवड्यात लिहिलेले वाचून गप्प बसवले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जॉर्जिया, फ्रान्समधील बोजोले आणि इटलीतील फ्रिउली येथील छोट्या उत्पादकांची नैसर्गिक वाइन, म्हणजे शक्यतो बाहेरचे काही न घालता केलेली, हीच खरी, बाकीच्या सगळ्या म्हणजे डोके दुखवणारी 'बाटलीबंद रसायने', आणि सोलापूर जिल्ह्यातील बागायतदारांनीही आता फवारणी सोडून हाच मार्ग धरावा.

त्या उत्पादकांविषयी मला आदरच आहे. जॉर्जियातील काखेती भागात क्वेव्री म्हणून जे मातीचे मोठे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरतात, त्यात र्कात्सितेलीसारख्या पांढऱ्या द्राक्षांचा रस साली-बियांसकट कित्येक महिने मुरत ठेवतात. त्यातून निघणारी मधाच्या रंगाची, जिभेवर किंचित तुरट रेंगाळणारी वाइन ज्याने चाखली आहे, तो तिला नावे ठेवणार नाही. युनेस्कोने २०१३ मध्ये या पद्धतीची वारसा म्हणून नोंद केली, ती योग्यच होती. फ्रिउलीतील ओस्लाव्या गावचे वाइन उत्पादक योश्को ग्राव्हनर यांनी स्टीलच्या टाक्या आणि छोटी लाकडी पिंपे बाजूला सारून २००१ पासून क्वेव्रीचा मार्ग धरला, हे धाडसही मान्य.

पण रसायनशास्त्राला शिव्या देऊन या लोकांचे कौतुक करता येत नाही. बोजोलेतील मोर्गोंचे उत्पादक मार्सेल लापिएर यांनी ज्यांच्या मार्गदर्शनाने सल्फरविना, म्हणजे वाइन टिकवणारे गंधकाचे संयुग सल्फाइट न घालता, वाइन करायला घेतली, ते ज्युल शोव्हे स्वतः रसायनशास्त्राचे जाणकार होते आणि त्यांनी यीस्टचा अभ्यास प्रयोगशाळेत बसून केला होता. सल्फाइट वगळायचे असेल तर द्राक्ष निवडण्यापासून तापमान राखण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर जास्त काटेकोर राहावे लागते. जो हे करत नाही तो आंबलेला रस विकतो आणि त्याला तत्त्वज्ञान म्हणतो.

शिवाय 'सेंद्रिय म्हणजे सल्फाइटमुक्त' हा लेखिकेचा समजही टिकत नाही. युरोपात साध्या ड्राय लाल वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम आणि पांढरीला २०० मिलिग्रॅम सल्फाइटची मर्यादा आहे. २०१२ च्या सेंद्रिय नियमांनी ती अनुक्रमे १०० आणि १५० वर आणली, शून्यावर नव्हे. फ्रान्समध्ये २०२० पासून नैसर्गिक वाइनसाठी 'व्हँ मेथोद नातूर' ही मोहर आहे, तिच्यातही ३० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालते. यीस्ट स्वतःदेखील थोडे सल्फाइट तयार करते, त्याला कोण अडवणार?

राहिले आपले सोलापूर. इथे एप्रिलमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो आणि माल बंद टेम्पोतून येतो. सल्फाइट नसलेली, गाळलेली नसलेली बाटली अशा प्रवासाला निघाली तर आत उरलेले जिवाणू स्वस्थ बसत नाहीत. एका स्नेह्यांकडे अशीच एक गढूळ नारिंगी बाटली उघडली होती. नाकाला सफरचंद आणि संत्र्याची साल, सगळे उत्तम. घोट गिळल्यावर मात्र काही क्षणांनी घशाच्या मागून उंदराच्या पिंजऱ्याचा वास उठला. या दोषाचे वैशिष्ट्यच असे, की वाइनच्या आम्लतेत तो दबलेला राहतो आणि लाळेचा संपर्क आल्यावर मोकळा होतो, त्यामुळे पेला हुंगून तो कळत नाही. काहींना तो जाणवतच नाही. ज्यांना जाणवला नाही, त्यांनी त्या दिवशी दोन पेले संपवले आणि 'किती जिवंत वाइन आहे' असा शेराही दिला.

द्राक्षसखी:
इतके सविस्तर उत्तर मिळाले, याचा अर्थ लेख जिव्हारी लागला. एका खराब बाटलीवरून अख्ख्या परंपरेला उंदराच्या पिंजऱ्यात बसवणे हे आपल्याला शोभत नाही. मोठ्या कारखान्यांत विकतचे यीस्ट, टॅनिनची पूड, आम्लतेची दुरुस्ती आणि रंगासाठी द्राक्षाचा घट्ट अर्क हे सगळे चालते, आणि बाटलीवर मात्र डोंगराचे चित्र असते. युरोपने अखेर डिसेंबर २०२३ पासून घटक जाहीर करणे सक्तीचे केले, ते काही उगाच नाही. मी छोट्या उत्पादकांकडे वळले ती चवीसाठी. एकाच गावच्या दोन बागांतून दोन वेगळ्या चवी येतात, दर वर्षी वाइन बदलते, आणि तो बदल कोणी लपवत नाही. डोकेदुखीचे म्हणाल, तर ती माझी स्वतःची आहे. तिच्यासाठी मला कोणाच्या मर्यादांचे तक्ते नकोत.

नान्नजचा बागायतदार:
वाइनविषयी आपण दोघांनी खुशाल भांडावे. माझा आक्षेप 'फवारणी सोडावी' या एका वाक्याला आहे, आणि तो मी सौम्य शब्दांत मांडणार नाही.

ताई, आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाग पोंग्यात (कोंब फुटताना) किंवा फुलोऱ्यात असताना परतीचा पाऊस लांबला, की केवडा हा बुरशीचा रोग येतो. सकाळी पानाच्या पाठीमागे पांढरी बुरशी दिसते आणि दोन-तीन दिवसांत कोवळे घड काळे पडून वाळतात. रानात वापसा नसतो, ट्रॅक्टर आत घालता येत नाही, म्हणून पाठीवर पंप घेऊन चिखलात फिरावे लागते. त्या वेळी जॉर्जियाचे रांजण आठवत नाहीत, सोसायटीचे कर्ज आठवते.

आणि आपले सेंद्रिय युरोपीय बागायतदार काय करतात? तेही मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रणच मारतात. ते १८८० च्या दशकात फ्रान्समध्येच याच केवड्यावर उपाय म्हणून पुढे आले. जमिनीत तांबे साठत जाते म्हणून युरोपने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली. म्हणजे सेंद्रिय बागेतही फवारणी होतेच, फक्त औषध वेगळे असते.

२०१० मध्ये वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षे युरोपने नाकारली, तेव्हा माझ्या शेजाऱ्याचा माल परत आला. त्यानंतर इथला निर्यातदार शेतकरी काढणीआधी किती दिवस कोणते औषध बंद करायचे हे तोंडपाठ सांगतो आणि प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय घड तोडत नाही. आम्हाला रसायनांचे धोके शिकवण्याआधी एकदा तो अहवाल वाचून पाहावा.

कासेगावकर:
नान्नजच्या दादांचे म्हणणे शंभर टक्के खरे. यात मला बेदाण्याचे जोडायचे आहे, कारण सल्फरची ओरड करणारी मंडळी दिवाळीत मूठ-मूठ बेदाणे खाताना मी पाहतो. थॉम्पसन किंवा सोनाका वाणाचे घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात, आणि पिवळा रंग टिकावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. त्यात उरणारे सल्फाइट वजनाच्या हिशेबात वाइनपेक्षा कितीतरी जास्त असते. धुरी न दिलेला तपकिरी बेदाणा मी एका हंगामात बाजारात नेला, तर व्यापाऱ्याने 'माल जुना आहे का' असे विचारून किलोमागे भाव पाडला. गिऱ्हाईकाला रंग हवा असतो. मग आम्ही कोणासाठी नैसर्गिक व्हायचे?

निवृत्त शिक्षक, दयानंद परिसर:
कासेगावकरांचा मुद्दा नेमका आहे. फक्त एक दुरुस्ती. दमा असलेल्यांपैकी काहींना सल्फाइटचा खरोखर त्रास होतो आणि त्यांनी वाइनइतकाच पिवळा बेदाणाही टाळावा. बाकीच्यांनी डोके दुखले तर आधी किती पेले झाले आणि मध्ये पाणी किती प्यायले, हे आठवून पाहावे.

द्राक्षसखी:
बरे. बेदाणा खाऊन माझे डोके दुखत नाही हे मान्य; सर्वांनी आता टाळ्या वाजवाव्यात. पण चर्चा वाइनची होती आणि आपण सगळे मिळून ती बेदाण्याच्या शेडमध्ये घेऊन गेलात. मूळ प्रश्न तसाच राहिला. या जिल्ह्यात इतकी द्राक्षे असताना एकही शेतकरी स्वतःच्या बागेची, थोडक्या बाटल्यांची वाइन का करत नाही? त्याचे उत्तर केवडा नव्हे.

अकलूजकर:
याचे उत्तर कायद्यात आहे. काखेतीचा शेतकरी आपल्या घरच्या तळघरात रांजण पुरतो. आपल्या शेतकऱ्याने परसात रांजण पुरून रस आंबवला, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तो आरोपी ठरतो. परवाना, गोदाम, उत्पादन शुल्काची देखरेख हे सगळे मोठ्या भांडवलाला झेपते. २००१ च्या राज्य धोरणाने वाइन उद्योगाला सवलती दिल्या, त्यातून कारखाने उभे राहिले, पण चार रांजणांच्या माणसाला त्यात जागा मिळाली नाही.

दुसरे कारण वाणाचे. इथल्या बागा खाण्याच्या द्राक्षाच्या आहेत. पातळ सालीच्या, मोठ्या मण्यांच्या माणिक चमनमधून गंभीर वाइन होत नाही. आमच्या अकलूजला फ्रातेली या वाइन कंपनीने इटलीतील सांजोवेझेसारखी वाणे लावली आणि पिएरो मासी यांच्यासारखा इटलीतल्या तोस्कानाचा वाइनचा जाणकार आणला, तेव्हा इथल्या मातीत काय होऊ शकते ते दिसले. ती नैसर्गिक वाइन नव्हे, आणि तसा त्यांचा दावाही नाही. पण याच उन्हात आणि याच जिल्ह्यात ती तयार होते.

होटगीकर:
कायद्याच्या मुद्द्यावर मी आणि द्राक्षसखी एकाच बाजूला आहोत, हे मोठ्या नाइलाजाने नोंदवतो. छोट्या उत्पादकाला परवाना सोपा व्हावा, याला माझा पाठिंबा. मात्र त्याने सल्फाइट वापरले म्हणून त्याला कोणी खालच्या पंक्तीत बसवू नये.

द्राक्षसखी:
आपला पाठिंबा मिळाला, आता मंत्रालय हलणारच.

नान्नजचा बागायतदार:
माझ्याकडून एक प्रस्ताव. ताईंनी ऑक्टोबर छाटणीला यावे. बागेची एक ओळ त्यांच्या हवाली करतो, फवारणी त्या सांगतील तशी आणि तेवढीच. नुकसान झाले तर निम्मे-निम्मे.

द्राक्षसखी:
येते. पण तांबेही नको.

नान्नजचा बागायतदार:
बोर्डोसुद्धा नको असेल, तर नुकसान पूर्ण आपले. तसे कागदावर लिहून घेऊन मगच छाटणी सुरू करीन.