'आयन चॅनेल'ला मराठीत काय म्हणावे : वाहिनी, मार्ग की द्वार?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, फोंडा) :

आमच्या गावच्या वाचनालयातील आरोग्यविषयक व्याख्यानासाठी मी रक्तदाबाच्या औषधांवर एक टिपण लिहिले होते. त्यात ॲम्लोडिपिनविषयी पुढील वाक्य होते : 'रक्तवाहिनीच्या भिंतीतील गुळगुळीत स्नायूंमधल्या कॅल्शियम वाहिन्या बंद केल्याने वाहिन्या रुंदावतात.' व्याख्यान संपल्यावर एक आजी जवळ आल्या. त्या हीच गोळी रोज सकाळी घेतात. त्यांनी विचारले, "बाई, एक वाहिनी बंद केली तर दुसरी रुंद कशी होते? आणि वाहिनी बंद झाली म्हणजे झटका येतो ना?" गोळी स्वतःहून थांबवू नका, एवढे मी त्यांना लगेच सांगितले; पण त्यांची भीती माझ्या वाक्यातून आली होती, ही गोष्ट मला फार लागली. या 'वाहिन्या' म्हणजे इंग्रजीतील 'आयन चॅनेल' : पेशीच्या पटलातील अशी प्रथिने, ज्यांतून आयन म्हणजे विद्युतभार असलेले कण ये-जा करतात. त्यांच्यासाठी मराठीत वाहिनी, नलिका, मार्ग, मार्गिका, द्वार असे अनेक शब्द वाचनात येतात. त्यांपैकी कोणता घ्यावा आणि का?

उत्तर (शरीरक्रियाशास्त्राचे निवृत्त अध्यापक, पणजी) :

बाई, आजींचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि दोष मुख्यतः 'वाहिनी' या शब्दाचा आहे. मराठी माणसाच्या कानाला वाहिनी म्हटले की एक तर रक्तवाहिनी आठवते किंवा दूरचित्रवाणीची वाहिनी. जिथे रक्तवाहिनीचीच गोष्ट चालू आहे, तिथे तिच्या भिंतीतील पेशीच्या पटलात बसलेल्या एका प्रथिनालाही तेच नाव दिले, तर वाचक गोंधळणारच. परंतु माझा खरा आक्षेप याहून खोल आहे. 'वाहिनी' हा शब्द 'वह्' धातूपासून आला आहे. जी वाहून नेते ती वाहिनी. आयन चॅनेल काहीच वाहून नेत नाही. ते उघडले की आयन आपल्या ओढीने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आणि विद्युतभाराच्या आकर्षणाने, स्वतःच आत किंवा बाहेर जातात. पदार्थाला एका बाजूला धरून, स्वतःचा आकार बदलून त्याला दुसऱ्या बाजूला सोडणारी प्रथिने वेगळी असतात आणि 'वाहक' हा शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवला पाहिजे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. वाहक प्रथिने साधारणपणे सेकंदाला शेकडो ते हजारो कण पलीकडे नेतात, तर पोटॅशियमच्या उघड्या चॅनेलमधून सेकंदाला दहा कोटींपर्यंत आयन जाऊ शकतात. उचलून नेण्यात आणि वाट मोकळी करण्यात असलेला फरक या आकड्यांतून दिसतो.

'आयन' हा शब्दही याच अर्थाला पुष्टी देतो. मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये, विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने, तो ग्रीक भाषेतून घेतला; त्याचा अर्थ 'जाणारा'. त्या ग्रीक क्रियापदाचे आणि संस्कृतातील 'इ' म्हणजे जाणे या धातूचे मूळ एकच आहे आणि त्याच धातूवरून आपले उत्तरायण, दक्षिणायन यांतील 'अयन' आले. जो मुळातच जाणारा आहे, त्याला वाहून नेणारे कोणी लागत नाही, मार्ग लागतो. म्हणून माझे मत 'आयनमार्ग' या शब्दाला आहे. 'नलिका' मला पटत नाही, कारण नळी सदैव उघडी असते. आणि 'मार्गिका' आता रस्त्यांच्या नि मेट्रोच्या बातम्यांत इतकी रुळली आहे की ती तिथेच राहू द्यावी.

'गुळगुळीत स्नायू' हाही शब्द बदला. सूक्ष्मदर्शकाखाली हाडांना जोडलेल्या स्नायूंवर आडवे पट्टे दिसतात, तसे या स्नायूंवर दिसत नाहीत, एवढाच त्या इंग्रजी नावाचा अर्थ आहे. तिथे हाताला लागणाऱ्या गुळगुळीतपणाचा काही संबंध नाही. शालेय पुस्तकांतील 'अपट्टकी स्नायू' हा शब्द थोडा कोरडा असला तरी बिनचूक आहे.

प्रतिसाद (खाजन शेती असलेल्या घरातील वाचक, चोडण) :

सर, तुमचे विवेचन वाचताना मला आमची मानस सारखी डोळ्यांसमोर येत होती. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो : खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून खाजनाला बांध असतो आणि बांधात जिथे पाणी जाण्यायेण्याची वाट ठेवलेली असते, तिथे लाकडी दारे बसवलेली असतात. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ती दारे मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलते आणि निघून जाते. लहानपणी ओहोटीच्या वेळी मी त्या दारावर हात ठेवून उभा राहत असे. आधी लाकूड नुसते थरथरते, मग फटीतून पाण्याची एक पातळ धार सुटते आणि नंतर दार एकदम सैल होते. पाणी कोणी उपसत नाही, ते आपले आपण जाते. मग आयन चॅनेलला 'मानस'च म्हटले तर गोव्यातील वाचकाला अर्थ लगेच कळणार नाही का?

उत्तर (पणजी) :

समजावून सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सुचणार नाही आणि बाईंनी ते पुढच्या व्याख्यानात अवश्य वापरावे. परिभाषा म्हणून मात्र तो शब्द चालणार नाही. गोव्याबाहेरच्या मराठी वाचकाला 'मानस' म्हणजे मन किंवा मनातला हेतू, आणि चेतापेशींविषयीच्या लेखात तो अर्थ फारच घोटाळा करील. शिवाय साम्य दोन ठिकाणी तुटते. मानस पाण्याच्या दाबाने उघडते. आयनमार्गाचे दार उघडण्याची कारणे निरनिराळी असतात : काही पटलावरील विद्युत विभव बदलला की उघडतात, काही विशिष्ट रसायन चिकटले की, काही उष्णतेने आणि काही ताणाने. ताणाने उघडणारी 'पीझो' नावाची प्रथिने २०१० मध्ये सापडली, तीच तेवढी तुमच्या मानशीच्या जवळची. स्पर्शाची जाणीव देणाऱ्या चेतापेशींत 'पीझो२' असते.

दुसरे म्हणजे मानस निवड करीत नाही. मीठ, गाळ, मासे, सगळे तिच्यातून जाते. पोटॅशियमचा आयनमार्ग पोटॅशियमला जाऊ देतो आणि त्याच्याहून लहान असलेल्या सोडियमला अडवतो. म्हणूनच या निवडीच्या जागेला काही भाषांतरांत 'चाळणी' म्हटलेले दिसते ते चूक आहे. चाळणीतून लहान दाणा आधी पडतो. इथे आयनाला आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू बाहेर सोडून आत शिरावे लागते आणि त्या रेणूंची जागा मार्गाच्या भिंतीतील ऑक्सिजनचे अणू घेतात. त्या अणूंमधील अंतर पोटॅशियमला नेमके बसते, सोडियमला मात्र ते सैल पडते, म्हणून पाणी सोडून आत येणे त्याला परवडत नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये ही रचना स्फटिकांच्या साहाय्याने दाखवली आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मी त्या जागेला साधेपणाने 'पारखीची जागा' म्हणतो. तेव्हा संपूर्ण प्रथिन तो 'आयनमार्ग', त्यातील पोकळी ते 'रंध्र' आणि उघडझाप करणारा भाग ते 'दार', असे तीन शब्द वेगळे ठेवावेत. 'द्वार' हे संपूर्ण प्रथिनाचे नाव केले, तर 'द्वाराचे दार उघडले' असे लिहिण्याची पाळी येते.

प्रश्न (फोंडा) :

सर, आभारी आहे. याच टिपणाच्या दुसऱ्या भागात तिखटाविषयी लिहिताना मी 'संवेदनशील चेतापेशींमधील ग्राही' असे लिहिले आहे; ग्राही म्हणजे विशिष्ट रसायन ज्याला चिकटते ते प्रथिन. ते बरोबर आहे का? आणि जो ग्राही आहे तोच आयनमार्ग असू शकतो का?

उत्तर (पणजी) :

'संवेदनशील' नको, 'संवेदी' लिहा. संवेदनशील म्हणजे चटकन परिणाम होणारा, आणि संवेदी म्हणजे संवेदना मेंदूकडे पोहोचवणारा. ग्राही आणि मार्ग एकच असू शकतात. तिखटाच्या बाबतीत ते तसेच आहेत. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये मिरचीतील कॅप्सेसिन ज्याला चिकटते ते प्रथिन शोधले, आणि तो एक आयनमार्ग निघाला. आज त्याला टीआरपीव्ही१ म्हणतात. हेच दार सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णतेनेही उघडते. काणकोणच्या खोला मिरच्यांची देठे खुडल्यावर बोटांची 'आग होते' असे आपण म्हणतो, तेव्हा ते अलंकारिक बोलणे नसते. संवेदी चेतापेशीला त्या घटकेस भाजणे आणि मिरची यांतला फरक कळत नाही. पेपरमिंट 'थंड' लागते ते टीआरपीएम८ या दुसऱ्या मार्गामुळे. या संशोधनासाठी ज्युलियस आणि 'पीझो' शोधणारे आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकातील नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तुम्ही 'ग्राही-मार्ग' असा जोडशब्द वापरलात तर दोन्ही अंगे टिकतील.

आता क्रियापदाविषयी, कारण आजींची भीती 'बंद' या शब्दामुळेही वाढली. औषधाच्या बाबतीत 'बंद करते' ऐवजी 'अडवते' लिहावे. 'बंद' हे दाराच्या रोजच्या उघडझापीसाठी ठेवावे. दात काढण्यापूर्वी दिले जाणारे लिग्नोकेनचे इंजेक्शन संवेदी चेतापेशींतील सोडियमचे मार्ग अडवते आणि ॲम्लोडिपिन अपट्टकी स्नायूंतील कॅल्शियमचे. दोन्हीकडे एकच क्रियापद चालते, आणि वाचकाला दोन गोष्टींतले नाते आपोआप दिसते.

प्रतिसाद (फोंडा) :

त्याप्रमाणे वाक्य असे बदलले आहे : 'रक्तवाहिनीच्या भिंतीत अपट्टकी स्नायूंचा थर असतो. कॅल्शियम आत शिरले की हे स्नायू आवळतात आणि रक्ताची वाट अरुंद होते. ॲम्लोडिपिन या स्नायूपेशींच्या पटलातील कॅल्शियमचे आयनमार्ग अडवते. त्यामुळे आत शिरणारे कॅल्शियम कमी होते, स्नायू सैलावतो आणि रक्तवाहिनी रुंदावते.' हे मी आजींना त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवले. त्यांनी 'आयनमार्ग' हा शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि विचारले की मार्ग थोडे अडवतात की सगळे.

उत्तर (पणजी) :

थोडे. सगळे अडवले तर स्नायूला नीट आवळता येणार नाही. वाक्यात 'कॅल्शियमचे आयनमार्ग अडवते' याऐवजी 'कॅल्शियमच्या आयनमार्गांपैकी काही अडवते' असे करा.