मदत हवी आहे: आईला घेऊन एनसीपीएला जायचंय

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. गडकरी रंगायतन पायाखालचं, पण मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) कधी गेलो नाही. आईला एकदा सिम्फनी ऑर्केस्ट्रा समोर बसून ऐकायचाय. (वय ७२, गुडघे कुरकुरतात, हौस दांडगी!)

तिथल्या जमशेद भाभा थिएटरमध्ये हजारावर खुर्च्या आहेत म्हणे. बाल्कनीचं तिकीट स्वस्त, पण तिथे लिफ्ट आहे का? की खालचंच घ्यावं? पुढच्या रांगेत नुसती व्हायोलिनंच ऐकू येतात का?

जाताना लोकलने सीएसएमटी, पुढे टॅक्सी. खरी धास्ती परतीची. कार्यक्रम सुटल्यावर तिथे टॅक्सी पटकन मिळते का? आणि मध्येच टाळ्या वाजवायच्या नसतात ना? आई पहिल्या तानेलाच ‘वाहवा’ म्हणणारी आहे.