लॉस एंजेलिसच्या मार्क टेपर फोरममध्ये चिकानो (अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची) नाटकं होतात का?

प्रश्न: डाउनटाउनमध्ये एवढी मेक्सिकन वस्ती, मग टेपरच्या स्टेजवर ती माणसं कितपत दिसलीत? कुणाला माहितीये का?

नाटकवेडा: १९७८ चं 'झूट सूट' शोधा. लुईस वाल्देझचं, हा तोच ज्याने १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या संपात शेतमजुरांना घेऊन एल तेआत्रो काम्पेसिनो ही नाटक मंडळी काढली. १९४२ च्या स्लीपी लगून खून खटल्यात मेक्सिकन वंशाच्या पोरांना कसं अडकवलं ते त्यात आहे, आणि थिएटरला कधी न फिरकलेले लोक घरच्यांना घेऊन आले, महिनोन्महिने हाउसफुल्ल! ब्रॉडवेला मात्र १९७९ मध्ये लवकर गुंडाळलं, समीक्षकांनी झोडपलं होतं.

पडद्यामागे: हो पण एका हिटवर किती वर्षं काढणार? टेपरचा लॅटिनो नाटककारांसाठीचा विभाग २००५ मध्ये बंदच केला ना. २०१७ ला परत 'झूट सूट'च आणलं, चाललंही जोरात, पण नवीन लेखकांचं काय?

नाटकवेडा: मधे २००३ ला कल्चर क्लॅश या चिकानो नाट्यगटाचं 'चावेझ रवीन' झालं की, डॉजर स्टेडियमच्या जागेवरून हुसकावलेल्या वस्तीवरचं.

पडद्यामागे: मान्य. तरी नियमित बघायचं तर स्प्रिंग स्ट्रीटवरच्या लॉस एंजेलिस थिएटर सेंटरला जा, ते लॅटिनो थिएटर कंपनीच चालवते.