मुंबईत लवकर निवृत्ती: २५ पट पुरेल का?

वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम साठली की पंचेचाळिशीत नोकरी सोडून मुंबईतच राहता येईल, असा सल्ला अनेकदा दिला जातो. मला हा आकडा धोक्याचा वाटतो. त्यामागचा ४ टक्क्यांचा नियम (पहिल्या वर्षी साठलेल्या रकमेतले ४ टक्के, म्हणजे पंचविसावा भाग काढायचा आणि पुढे महागाईप्रमाणे तो वाढवायचा) अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांच्या १९९४ च्या अभ्यासातला आहे. अमेरिकेतला बाजार, तिथली महागाई आणि ३० वर्षांचा काळ धरून काढलेला. पंचेचाळिशीत थांबणाऱ्याला कदाचित ४०-४५ वर्षं काढायची असतात. मी तरी ३५ पटीच्या खाली जाणार नाही.

शिवाय राहता फ्लॅट कृपया त्या रकमेत धरू नका. दादर-पार्ल्यातल्या घराची किंमत कोटींत असली तरी त्यातून महिन्याचा किराणा येत नाही. उलट जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की लिफ्ट, पार्किंग, सुरक्षारक्षक यांमुळे मेंटेनन्स कितीतरी वाढतो, आणि पगार बंद झाल्यावरही तो भरावाच लागतो. म्हणून हिशेब आजच्या पावतीवरून नको, शेजारच्या नव्या टॉवरमधल्या पावतीवरून करा.

आरोग्य विमाही नोकरीत असतानाच स्वतःचा घ्या. कंपनीचं कवच नोकरीबरोबर जातं, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.