भाषेनं तुम्हाला कुठं गप्प बसवलं? अनुभव लिहा

धुरेकरी: पहिलीपासून हिंदीचा जीआर, मग जून २०२५ मध्ये तो मागे. टीव्हीवर सगळे तावातावानं बोलून राहिले होते अन् मले आजी आठवली. धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची केस. खालच्या कोर्टात मराठी, आजीनं साक्ष ठणकावून दिली. अपील नागपूर खंडपीठात गेलं तर सगळं इंग्रजीत. हिच्याच वावराबद्दल बोलणं सुरू अन् ही नऊवारी सावरत मागच्या बाकावर मुकी. बाहेर आल्यावर वकील म्हणे, "आजी, तारीख भेटली." बस्स, तेवढंच.

तर्रीबाज: काऊन बे, सकाळी सकाळी रडवतो

काळा कोट: घटनेचं कलम ३४८. राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्यपाल हायकोर्टात राज्याची भाषा आणू शकतात. ज्या मध्य प्रदेशासोबत आपण विदर्भवाले १९५६ पर्यंत होतो, त्यांच्याकडे हिंदी आली. आपल्याकडे मराठीच्या नावानं मोर्चे निघतात, हे कोणी काढत नाही. (सुनावणीला चाललो, टायपो माफ)

महालवाली: पुण्यात हॉस्टेलला "मी येऊन राहिली" म्हटलं की मुली फिदीफिदी. वर्गात शंका विचारणंच सोडलं. कोर्टाचं जाऊ द्या, आपलेच लोक काय कमी आहेत का!

सीपी बेरार: बाबा इथल्या सचिवालयात होते. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी, हिंदी-मराठी दोन्ही राजभाषा. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेलो, राजधानी गेली. साहेबाची भाषा बदलली की फायलीचा मसुदा बदलतो, म्हणायचे. बाकी त्यांच्या पेन्शनची कथा वेगळीच, पुन्हा कधी.

कोयावाली: नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहानं. गोंडी मात्र अजून घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता असलेल्या भाषांच्या यादीत नाही. आई दवाखान्यात गोंडीत दुखणं सांगायला लागली की नर्स म्हणे, "नीट बोल ना बाई." मराठीतच म्हणे, हं.

धुरेकरी: हे वाचून थांबलोच ताई. आई आता बऱ्या आहेत ना?

कोयावाली: हो, ठणठणीत. मलेच रागावते.

तर्रीबाज: @महालवाली पुण्यात पोह्यावर तर्री मागितली होती का कधी?

महालवाली: मागितली. शेव दिली 😭

सीपी बेरार: कस्तुरचंद पार्कला या सगळे, रविवारी. तर्री-पोह्याचे पैसे तर्रीबाज देईल.