अकरावी-बारावीच्या लेकरांनी बातम्या वाचायच्या की नाही? गोदाकाठच्या सरांच्या पोस्टला उत्तर

तेरणाकाठची

परवा गोदाकाठच्या सरांनी लिहिलं की दहावी ते बारावी या तीन वर्षांत मुलांनी पेपर, बातम्या, राजकारण यांच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहू नये. पूर, आंदोलनं, हमीभाव बघायला घरात मोठी माणसं आहेत, चालू घडामोडी एमपीएससीवाल्यांना लागतात, तुम्ही फोन कपाटात ठेवा आणि पुस्तक उघडा, असं त्यांचं म्हणणं. त्याखाली पालकांचे नुसते अंगठेच अंगठे. मला ते वाचून इतका राग आला की केमिस्ट्रीचं पुस्तक मिटून हे लिहितेय.

मी अकरावी सायन्सला आहे, गाव धाराशिव जिल्ह्यात. सर, "घरातली मोठी माणसं बघतील" हे तुम्ही कुठल्या घराबद्दल लिहिलंत? आमच्या घरी वडिलांकडे बटनाचा फोन आहे. ई-पीक पाहणी मी करते, बांधावर उभं राहून सोयाबीनचा फोटो मी काढते. फार्मर आयडी मी काढून आणला. आईच्या लाडकी बहीणची केवायसी, ओटीपी येईना म्हणून रात्री जागून, मीच केली. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरांत हेच चालतं. घरातलं वाचता येणारं मोठं माणूस म्हणजे आम्हीच.

२०२५च्या सप्टेंबरात पाणी आलं. परंडा-भूमकडं माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. आमच्या शेताची वरची माती गेली. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाखांपर्यंत रोजगार हमीतून, हे वडिलांना मी वाचून दाखवलं. रोजगार हमीचा भाग रोख मिळत नाही, त्यातून कामं होतात, हेही मीच समजावलं, कारण गावात सगळे "साडेतीन लाख खात्यात येणार" म्हणून बसले होते. त्याच सवलतींच्या यादीत विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्क माफी आहे. ती कुणासाठी आहे सर? ज्यांनी पेपर वाचायचा नाही, त्या आमच्यासाठीच ना?

आणि आमच्या बॅचचंच बघा. २०२५च्या १३ मेला दहावीचा निकाल लागला. त्याच वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदा अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले. आधी ते मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरतंच होतं. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बंद पडलं, तारीख पुढं गेली. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद, हे माझ्या मैत्रिणीला माहीत नव्हतं. तिनं दुसऱ्याच्या सांगण्यावरून शहरातलं कॉलेज पहिलं टाकलं. ते लागलं. रोजचं एसटीचं भाडं झेपेना, म्हणून घरी बसायची वेळ आली होती.

बातमी आमच्याकडं टीव्हीतून येत नाही सर, ती फॉर्मवर येते. ती वाचायची नाही म्हणजे फॉर्म डोळे मिटून भरायचा.

गोदाकाठचा मास्तर

बाळ, तुझा राग समजला. पण मी कुठल्या अनुभवावरून लिहिलं तेही ऐक.

माझा एक विद्यार्थी होता, गणितात पक्का. बारावीला असताना मोबाइलवर मेसेज आला, "उद्या दहा वाजता चौकात." आंदोलन कशाचं ते सांगत नाही, उगाच इथं जातीवरून जुंपायची. रस्ता रोको झाला, दगड पडले. त्यानं मारला नव्हता हे मी छातीठोक सांगतो. पण नाव गुन्ह्यात आलं. पुढं पोलीस भरतीत मैदानी झाली, लेखी झाली आणि चारित्र्य पडताळणीला गाडी अडकली. गुन्हे मागे घेऊ अशी घोषणा स्टेजवरून होते, कोर्टाची तारीख मात्र सुटत नाही. आज तो पोरगा दुसऱ्याच्या दुकानावर बसतोय. त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू? त्याला चौकात नेणारे सगळे आज बऱ्या जागी आहेत.

आणि "बातम्या" म्हणजे तुम्ही पोरं काय बघता? रील. वीस सेकंदांत एक माणूस ओरडतो, तेच खरं. २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली लेकरं आज डॉक्टर झालीत. त्यांनी अभ्यास केला म्हणून झाली.

तेरणाकाठची

सर, त्या दादाबद्दल खरंच वाईट वाटलं. पण त्याला चौकात एका मेसेजनं नेलं. मागणी काय, कुणाकडं, जमावबंदी लागू आहे का, हे त्यानं वाचलं असतं तर तो गेला असता का? तुम्ही आजारही न वाचण्याचाच सांगताय आणि औषधही तेच.

आणि मराठवाड्यातल्या शिक्षकानं हे लिहावं? १९३८ला वंदे मातरम् म्हटलं म्हणून निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या कॉलेजातली आणि उस्मानियातली मुलं काढून टाकली, ती नागपूरला जाऊन शिकली. १९७४च्या मराठवाडा विकास आंदोलनात पुढं कोण होतं? विद्यार्थीच. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, झेंड्यापुढं तुम्ही आम्हाला हेच सांगता, आणि १८ला म्हणता पेपर वाचू नका.

लातूर_रिपीटर

मी सरांच्या बाजूची आहे आणि मला मोठ्या माणसांनी शिकवलेलं नाही.

मी २०२४ची नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, दिली, ५ मेची. ४ जूनला निकाल लागला, ६७ जणांना ७२० पैकी ७२०. तिथून माझा जून गेला. ग्रेस मार्क १५६३ जणांना, त्यांची फेरपरीक्षा २३ जूनला, बिहारात पेपर फुटला, मग सीबीआय, मग आमच्या लातुरातलेच शिक्षक धरले. होस्टेलवर रात्री सगळ्या मुली एकाच फोनवर वाकलेल्या. परीक्षा रद्द होणार असं रोज कुणीतरी सांगायचं. रद्द होणार म्हणून पुन्हा अभ्यास सुरू करायचा, होणार नाही म्हणून सोडायचा. २३ जुलैला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, रद्द नाही. संपलं.

मला सांग, मी सगळं वाचलं, एकेक तारीख पाठ आहे, त्यातून मला काय मिळालं? मार्क वाढले नाहीत. झोप गेली, केस गेले. शेजारच्या खोलीतल्या मुलीनं फोन घरी पाठवून दिला आणि जूनपासून रिपीटला बसली. ती पुढच्या वर्षी लागली. मी अजून इथंच आहे. तुला बातमीनं शेतीचे पैसे कळले, चांगलं आहे. मला तिनं आजारी पाडलं.

बारावीची आई

लातूर_रिपीटर, बाळा, जेवतेस ना नीट? तुझं वाचून पोटात कालवलं.

पण मूळ दुखणं बातम्या नाहीतच. दुखणं हे क्लासवाले आहेत. कॉलेजात नाव एकीकडं, बसायचं क्लासला, फी दोन्हीकडं. होस्टेल, मेस, टेस्ट सिरीज. आम्ही सोयाबीन हमीभावाखाली विकायचं, २०२५-२६ला सरकारचा भाव क्विंटलला ५३२८ कागदावर, आणि क्लासची फी मात्र एक रुपया कमी होत नाही. त्यांना विचारा लेकरांना पेपर वाचू देता का. मुलगी म्हणते, आई, इथं रविवारीसुद्धा टेस्ट असते.

अंबाजोगाईकर

आई, फी तर आहेच. पण लातूरच्या लेकरांना इतका जीव का काढावा लागला, हे नव्या पिढीला माहीतच नाही. सत्तर-तीस! सरकारी मेडिकलच्या राज्याच्या जागांतल्या ७० टक्के त्या त्या विभागाच्या मुलांना, उरलेल्या ३० सगळ्यांना. आपल्याकडं तेव्हा सरकारी कॉलेजं चार: संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर, नांदेड. विदर्भात सहा, उरलेल्या महाराष्ट्रात त्याहून कितीतरी. मुलं आपली हुशार, जागा मोजक्या, म्हणून आपला कटऑफ सगळ्यांच्या वर. माझ्या थोरल्याला जेवढ्या मार्कांवर आपल्याकडं जागा मिळाली नाही, तेवढ्यावर बाहेरच्या विभागात पोरं आरामात लागली. तो आज बीएएमएस, आयुर्वेदाचा डॉक्टर आहे. सप्टेंबर २०२०ला हे रद्द झालं तेव्हा मी पेढे वाटले, आणि माझा मुलगा खोलीत जाऊन रडला.

मांजरा_खोरे

पेढे घाईत वाटलेत दादा. आता धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना, चार नवी सरकारी कॉलेजं आली. सत्तर-तीस असतं तर त्या जागांवर ७० टक्के आपली लेकरं बसली असती. आता बाहेरचा येतो, शिकतो, एक वर्षाचा सरकारी सेवेचा बाँड कसाबसा काढतो आणि पुण्याची गाडी धरतो. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपणाला डॉक्टर नव्हता म्हणून माझ्या वहिनीला रात्री जीपमधून नेलं. वाटेतच बाळंत झाली.

अंबाजोगाईकर

मग आपला पोरगा गावात थांबतो की काय? माझ्या गल्लीतले तीन डॉक्टर झाले, तिघंही पुण्यात. कोटा ठेवून डॉक्टर गावात थांबत नसतो, क्वार्टर आणि औषधं असली की थांबतो. आणि नवी कॉलेजं आली ती २०२२पासून. २०२०ला कुणाला स्वप्न पडलं होतं? त्याआधी ज्यांची वर्षं गेली त्यांचं काय?

मांजरा_खोरे

गेलं त्याचं वाईट आहेच. पण म्हणून पुढच्यांचं घालवायचं? तुमच्या मुलावर अन्याय झाला म्हणून तुम्ही विभागाचा विचार सोडला, एवढंच मला दिसतं.

अंबाजोगाईकर

माझ्या मुलाचं नाव काढायचं काम नाही. तुमच्या घरातला कुणी नीटला बसलाय का? नसेल तर गप्प बसा. आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उन्हात बसलो होतो तेव्हा तुम्ही कुठं होता?

परंडेकर

तुम्ही दोघं भांडायलाव, इकडं आमच्या पोराची बारावीची पुस्तकं सीना नदीच्या पाण्यात गेली. वही नाही, दप्तर नाही. शाळेनं एक संच दिला, तीन पोरं त्यावर वाचायलेत. मास्तर, माझं पोरगं फोनवर बातम्या बघत होतं म्हणूनच आम्ही वाचलो. धरणातून किती पाणी सोडायलेत ते त्यानं रात्री बघितलं आणि म्हणलं, बाबा, गुरं सोडा. मी त्याला शिव्या दिल्या होत्या, फोन ठेव म्हणून. गुरं सोडली, माणसं वर गेली. चार शेळ्या राहिल्या त्या गेल्या.

आन् ते फी माफीचं खरं हाय का? कारण पोरानं फी भरली.

तेरणाकाठची

काका, सवलतींच्या यादीत आहे. भरली असली तरी मुख्याध्यापकांना लेखी विचारा, आपलं महसूल मंडळ बाधित गावांच्या यादीत आहे का ते तलाठ्याकडून बघून घ्या आणि पावती जपून ठेवा.

रिपीटर ताई, तुझं वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. तुला जे झालं ते खरं आहे. रोजच्या रोज अफवा बघण्यानं माणूस झिजतं, हे मला मान्य करावं लागेल. पण ताई, तो पेपर फोडला कुणी? वाचणाऱ्या मुलींनी नाही. त्याच जूनमध्ये पेपरफुटीविरुद्धचा कायदा लागू झाला, संघटित टोळीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी दंड. मुलं रस्त्यावर आली, कोर्टात गेली, तेव्हा त्या ग्रेस मार्कांचा हिशोब बाहेर आला. सगळ्यांनी फोन घरी पाठवले असते तर ते १५६३ तसेच पुढं गेले असते.

लातूर_रिपीटर

गेले असते. मान्य. पण ते काम मीच का करायचं? सतराव्या वर्षी पेपरही द्यायचा आणि पेपर घेणाऱ्यांवर पहाराही द्यायचा? मोठी माणसं कशाला आहेत मग?

तेरणाकाठची

हाच प्रश्न मला सरांना विचारायचा आहे.

गोदाकाठचा मास्तर

परंडेकर, तुमचं वाचलं. धरणाचा विसर्ग बघणं आणि रील बघणं यात फरक आहे. तो मी पोस्टमध्ये करायला हवा होता असं कुणी म्हणत असेल तर म्हणा. पुस्तकांचं सांगा, आमच्या शाळेत मागच्या वर्षीचे बारावीचे संच पडून आहेत, येत्या एसटीनं पाठवतो.

बाळ, तू जे म्हणतेस ते शासन निर्णय वाचणं आहे. ते वाच. पहिल्या तासाला वर्गात पेपर वाचून दाखवायला मीही तयार आहे, त्यात माझं काही जात नाही. पण रात्री अकराला फोनवर नाही. आणि चौकात तर मुळीच नाही, त्यावर मी हटणार नाही. १९३८चं मला सांगू नकोस, त्या मुलांना नागपूरनं घेतलं. तुला काढलं तर कोण घेणार आहे?

तेरणाकाठची

पहिल्या तासाला वाचणार असाल तर नुसता पेपर नको सर. सीईटीच्या सूचना वाचा. आरक्षणाच्या रकान्यात ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) भरायचं की एसईबीसी (मराठा आरक्षण), नॉन-क्रिमीलेअर कधीपर्यंतचं चालतं, जात पडताळणीची पावती चालते का. मराठ्यांना कुणबी दाखले देण्याबद्दलच्या २ सप्टेंबर २०२५च्या हैदराबाद गॅझेटच्या जीआरनंतर आमच्या वर्गात रोज यावर भांडण आहे आणि एकाही शिक्षकानं तो जीआर उघडून दाखवलेला नाही. म्हणतात, विषय नाजूक आहे.

गोदाकाठचा मास्तर

नाजूक आहेच. एक ओळ वाचली की संध्याकाळी दोन्हीकडचे पालक शाळेच्या दारात. त्यावर मी शब्द देत नाही.

बारावीची आई

सर, तुम्ही नाही वाचलं तर लेकरं ते रीलवरच ऐकणार. मग पुन्हा आम्हालाच सांगणार, फोन काढून घ्या म्हणून.

मांजरा_खोरे

अंबाजोगाईकर, माझी पुतणी यंदा नीटला बसतेय. वाटेत बाळंत झाली म्हणालो ना, त्या वहिनीचीच थोरली. आता बोलू का?

अंबाजोगाईकर

बोला. पण सत्तर-तीस परत आणा म्हणालात तर मी आहेच इथं.